मालक त्याच आवारात राहत असल्यास

वसईत, माणिकपूरला रिक्षास्टँडसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, भाडेकरार करून देणारं एक ऑफिस आहे. ऑफिस धवलचं, पण जिना चढून येणारा माणूस आत डोकावून विचारतो, "नेत्राबाई आहेत का?" नसल्या तर "उद्या येतो" म्हणून खाली उतरतो. धवल याचं वाईट वाटून घेत नाही. वडिलांनी ऑफिस त्याच्या हातात देताना बजावलं होतं, बाकी हवं ते बदल, पण नेत्राबाईंच्या खुर्चीला हात लावू नकोस. त्याने भिंतींचा रंग बदलला, एसी बसवला, पाटी बदलली. खुर्ची तीच आहे आणि नेत्राही तीच आहे.

नेत्रा जवळच्याच वटार गावची. पन्नाशीला टेकलेली, अंगाने किरकोळ, चष्म्याच्या वरून बघायची सवय. करारात अटी घालण्यात तिचा हात धरणारं वसईत कोणी नाही असं लोक म्हणतात, आणि लोक असं म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक आहे. घरमालक समोर येऊन बसला की ती त्याला भाडं वगैरे शेवटी विचारते. आधी विचारते, "मागच्या भाडेकरूशी कशावरून वाजलं?" मग माणूस मोकळा होतो. कोणाच्या भाडेकरूने गच्चीत बोंबील वाळत घातले आणि अख्खी सोसायटी अंगावर आली. कोणाच्या भाडेकरूचा मेहुणा दोन दिवसांसाठी म्हणून आला तो त्याच घरातून बोहल्यावर चढला. कोणी जाताना पंखे नेलेच, वर दारावरच्या घंटीचं बटणही उपटून नेलं. नेत्रा "हं, हं" करत ऐकते, आणि संध्याकाळपर्यंत त्या भांडणाची एक अट झालेली असते. भाडेकरूने अमुक केल्यास तमुक होईल. कागदावर आलं की तिच्या दृष्टीने ते भांडण मिटलं.

पूर्वी ती जुना करार समोर ठेवून नवा टाइप करायची. धवलने नवा प्रोग्रॅम आणला तेव्हा तिने दिवाळीच्या सुट्टीत घरी न बसता सगळ्या अटी त्या फॉरमॅटमध्ये भरल्या. आता कॉम्प्युटर आधी प्रश्न विचारतो. भाडेकरू कुटुंबवाला की एकटा? मासे-मटण चालेल का? मालक कुठे राहतो? उत्तर दिलं की त्या उत्तराला लागू पडणाऱ्या अटी आपोआप येऊन आपापल्या जागी बसतात, आणि बाकीच्या दिसतसुद्धा नाहीत. नेत्राला या गोष्टीचं लहान मुलासारखं कौतुक. आलेल्या गिऱ्हाइकाला ती मुद्दाम स्क्रीन फिरवून दाखवायची, "हे बघा, 'एकटा' केलं की पाहुण्यांची अट आली. 'कुटुंब' केलं, गेली!"

हे कौतुक घरी जाऊन सांगावं असं मात्र कोणी उरलं नव्हतं. आई, मथुरा, गेली त्याला दोन पावसाळे झाले. भाऊ कुशल बडोद्याला. गणपतीला येतो, दीड दिवसाचं विसर्जन झालं की गाडी काढतो. नेत्राने लग्न केलं नाही, म्हणजे होता होता राहिलं, आणि नंतर आईला सोडून कुठे जायचं म्हणून तो विषयच निघेना. आता आई नाही आणि विषयही नाही. वाडीतली केळी आणि सोनचाफा एका ओळखीच्या माणसाला कसायला दिलेला. तो सकाळी येतो, फुलं खुडतो आणि नेत्रा उठायच्या आत निघून जातो.

एका सोमवारी ती ऑफिसात आली आणि धवलला म्हणाली, "शनिवारची फाइल दे." आवाज असा चिरका निघाला की धवलने वर बघितलं. "घसा बसलाय का बाई?" ती म्हणाली, "हो, जरा." पण घसा बसलेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी रिक्षावाल्याला "इथेच थांबव" म्हटल्यानंतर तिने तोंडातून शब्दच काढला नव्हता. काढायचा कोणापाशी? हे तिच्या लक्षात आलं.

घराच्या मागे वडिलांनी कुशलच्या लग्नासाठी म्हणून एक खोली आणि मोरी बांधली होती. कुशल त्यात महिनाभरही राहिला नाही. ती खोली भाड्याने द्यायची नेत्राने ठरवलं. धवलला तिने कारण सांगितलं की बंद खोलीला वाळवी लागते. खरं कारण तिचं तिला माहीत होतं, आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिला भाडं नको होतं. तिला माणूस हवं होतं. दुसऱ्या कोणीतरी बादली आपटलेली ऐकू यावी, संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन "आज काय केलंस?" विचारावं, एवढंच.

माणूसही देवाने धाडल्यासारखं मिळालं. लुईझा, वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरची. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात आया म्हणून आयुष्य काढलेली, आता साठी ओलांडलेली, तीही एकटीच. भावाच्या घरी राहत होती; भावाची मुलं मोठी झाली, सुना आल्या, आणि तिची खाट आधी आतल्या खोलीतून बाहेर आली, मग बाहेरून पडवीत. एक दिवस तिनेच पेटी उचलली. नेत्राने तिला बघितलं मात्र, स्वच्छ धुतलेला फुलाफुलांचा झगा, तेल लावून घट्ट बांधलेले पांढरे केस, आणि मनात म्हणाली, हीच.

करार नेत्राने स्वतः केला. मासे चालतील? 'होय'. नुसतं चालतील नाही, बोंबील वाळवायचीही परवानगी तिने हाताने वेगळी लिहिली. पाहुणे? 'येऊ शकतात'. मग पुढचा प्रश्न आला: मालक त्याच आवारात राहतो का? नेत्राने 'होय' केलं. राहतेच, खोटं कशाला लिहायचं? आणि तिने प्रिंट काढली. दुसऱ्याच्या करारातला स्वल्पविरामही न सोडणाऱ्या या बाईने स्वतःचा करार काही वाचला नाही. स्वतःचाच फॉरमॅट, त्यात काय वाचायचं?

लुईझाने मात्र वाचला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, शेवटच्या पानापर्यंत. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिने मान वर करून नेत्राकडे क्षणभर बघितलं, मग पुढे वाचायला लागली आणि मुकाट्याने सही केली, मशीनवर अंगठा दिला. नेत्राला भरून आलं. इतक्या वर्षांत तिचा करार पुरता वाचणारं हे पहिलं माणूस.

ते बोट जिथे थांबलं ती अट अशी होती: 'मालक त्याच आवारात राहत असल्यास भाडेकरू मालकाच्या राहत्या भागात कोणत्याही कारणास्तव प्रवेश करणार नाही, काही काम असल्यास उंबऱ्याबाहेरूनच सांगेल, आणि विनाकारण संभाषण करून मालकाच्या खासगी आयुष्यात व्यत्यय आणणार नाही.' ही अट नेत्राने नायगावच्या एका गृहस्थांसाठी तयार केली होती. त्यांचा भाडेकरू सहकुटुंब त्यांच्या दिवाणखान्यात येऊन मॅच बघायचा आणि फ्रिज उघडून थंड पाणी प्यायचा. धवलच्या वडिलांनी ती अट वाचून कौतुकाने टेबलावर थाप मारली होती. स्वतःचा करार करताना नेत्राच्या ती लक्षातही नव्हती. 'होय' म्हटल्यावर ती आपली आपण आली आणि बसली.

लुईझा राहायला आली त्या संध्याकाळी नेत्राने चहा टाकला, दोन कप मांडले आणि मागे जाऊन हाक मारली, "लुईझामावशी, या ना चहाला."

"नको मॅडम," लुईझा दारातूनच म्हणाली. "मी घेतलाय. बरं हाय इथंच."

नेत्राला वाटलं, पहिला दिवस आहे, लाजत असेल. दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा बोलावलं, तिसऱ्या आठवड्यात परत एकदा. पुन्हा "बरं हाय इथंच". अळूवड्या केल्या तेव्हा डबा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो डबा घासून, आत बोंबलाची चटणी भरून, नेत्राच्या दाराबाहेरच्या पायरीवर ठेवलेला. दारावर एक टकटक, आणि नेत्रा उठून येईपर्यंत पायरीवर डबा होता, लुईझा नव्हती. नाताळात असंच झालं. बशीत करंजीसारख्या नेवऱ्या आणि केक, वर पांढरा रुमाल, आणि माणसाचा पत्ता नाही.

आता नेत्राही काही कमी मानी नव्हे. तीनदा बोलावलं, चौथ्यांदा बोलावणार नाही, असा तिचा खाक्या. ती मनाशी कारणं शोधायला लागली. आपण फार चौकशा करतो असं वाटत असेल. आपला स्वभाव कडक दिसत असेल. की इतक्या वर्षांच्या हॉस्पिटलच्या गडबडीनंतर हिला माणूसच नको झालंय? संध्याकाळी भिंतीपलीकडून रोझरीच्या जपाचा हलका आवाज यायचा. नेत्राला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो सुरू झाला की ती टीव्हीचा आवाज बारीक करायची. तेवढी एक सोबत. आधी घर खायला उठायचं. आता भिंतीपलीकडे माणूस असूनही उठायचं, आणि हे जास्त जिव्हारी लागायचं.

फेब्रुवारीत नेत्राला ताप आला. चांगला सडकून, अंथरुणातून मान उचलवेना. दुपारी दारात टकटक झाली. "मॅडम, पेज ठेवलीय," लुईझाचा आवाज. "गरम हाय तवर घ्या." मग भांडं टेकल्याचा आवाज, आणि पावलं दोन पायऱ्या उतरली. नेत्रा भिंत धरधरून गेली, पेज उचलून आणली आणि चमचा तोंडाशी नेता नेता रडायला लागली. हिला वाटत असेल, माझा ताप लागेल. हॉस्पिटलात काय काय घाण उचलली असेल हिने, आणि माझ्या घरात यायला हिला भीती वाटते. त्या दिवशी नेत्राच्या मनाने लुईझाचा नाद सोडला.

मग एका सकाळी पायरीवर डब्याऐवजी कागद होता. लुईझाच्या गोल, शाळकरी अक्षरातली रीतसर नोटीस. करारात म्हटल्याप्रमाणे महिनाभर आधी कळवत आहे, मुदत संपली की खोली रिकामी करून देईन. नेत्रा कागद हातात घेऊन तशीच मागे गेली. "काय झालं मावशी? काही कमी पडलं का?"

"कमी कशाला?" लुईझा तांदूळ निवडत होती. "चर्चच्या सिस्टरांचं म्हाताऱ्या बायकांचं घर हाय, तिथं जागा झालीय. तुमाला पन मोकळं होईल." आणि ती पुन्हा सुपात बघायला लागली. नेत्रा परत आली.

यानंतर दोनेक आठवड्यांनी ऑफिसात गिरीज गावचे ऑगस्टीन आले. सत्तरीतले, बायको वारलेली, मुली आपापल्या घरी. त्यांना घराची अर्धी बाजू एका निवृत्त मास्तरांना द्यायची होती. नेत्राने प्रश्न विचारले, 'होय-नाही' केलं, आणि सवयीप्रमाणे मालकाला करार वाचून दाखवायला लागली. वाचता वाचता ती अट आली. नेत्राने ती जराशा अभिमानानेच वाचली: "...विनाकारण संभाषण करून मालकाच्या खासगी आयुष्यात व्यत्यय आणणार नाही."

"थांबा, थांबा बाई," ऑगस्टीन खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे तो माझ्याकडे यायचा नाही?"

"नाही येणार. म्हणजे तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"अहो, मग मी त्याला ठेवतोय कशाला? दोन शब्द बोलायला माणूस पाहिजे म्हणून तर ठेवतोय! काढा ते. कोणत्या शहाण्याने लिहिलंय?"

नेत्राचा चेहरा असा उतरला की म्हातारा ओशाळला, "तुम्हाला नाही हो म्हटलं." तिने ऑगस्टीनच्या करारातली ती अट काढून टाकली. मग ते जायच्या आतच तिने स्वतःच्या नावाची फाइल उघडली, चष्म्यातून, नीट, ओळीखाली बोट धरून वाचली. वाचत असताना तिला अळूवड्यांचा डबा दिसला, नाताळची बशी दिसली, पेजेचं भांडं दिसलं. "धवल, मी घरी जाते," एवढंच म्हणून ती निघाली. इतक्या वर्षांत ती अशी कधी निघाली नव्हती. धवल जिन्यापर्यंत मागे आला, बरं नाही का म्हणून विचारत राहिला.

लुईझा विहिरीपाशी कपडे पिळत होती. नेत्राने कराराची प्रत तिच्यापुढे धरली. "मावशी, तुम्ही माझ्याकडे येत नव्हता ते ह्या अटीमुळे?"

लुईझाने हात झग्याला पुसले. "मग? लिवलंय ना. मी सही केलीय."

"पण मी बोलवत होते की! तीनदा बोलावलं."

"तोंडानं सगळेच या म्हनतात, मॅडम. वॉर्डात पेशंट म्हनायचा, बस गो मावशी, आनि बाहेर पाटीवर लिवलेलं असायचं की बसू नका. मना वाटलं, चांगल्या घरची बाई हाय, चालरीत म्हनून बोलवते. पन मनातलं काय ते कागदावर लिवलंय."

"मी वाचलंच नव्हतं," नेत्रा म्हणाली. "मावशी, माझं मलाच माहीत नव्हतं. मी दुसऱ्या कोणासाठी लिहिलं होतं ते. आपोआप आलं." बोलताना तिला स्वतःलाच ते लंगडं वाटलं. मग खरं ते बाहेर पडलं, "मी तुम्हाला बोलायला म्हणून ठेवलं होतं. मला घरात कोणी नाही."

लुईझा विहिरीच्या कठड्यावर बसली. "आनि मी म्हनते, हिला एकटीलाच बरं वाटतं," ती हळू म्हणाली. "तुला ताप होता ना, तवा मी परत येऊन दिवे लागेपर्यंत तुझ्या पायरीवर बसली होती. आत तू कन्हत होतीस. पायरी बाहेर हाय, पायरीला बंदी नाय, असं मनाशी म्हनली. आत यायला पाय उचलला पन होता, गो बाय. पन सही आठवली."

नेत्राही कठड्यावर बसली आणि मोठ्याने रडली, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्याने. लुईझा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्या ओल्या, साबणाच्या वासाच्या हाताखाली नेत्राच्या मनात एकदम आशा उसळली. "मग आता कशाला जाता? नोटीस मी फाडून टाकते. नवा करार करू, एकही अट नको. नाहीतर करारच नको. राहा."

लुईझाचा हात थांबला. "तिकडं सही झाली, नेत्रा. सिस्टरांनी दुसऱ्या बाईला नाय सांगून ती खाट मना दिली. ती बाय गेली पन दुसरीकडं. आता मी नाय गेली तर खाट रिकामीच ना?" तिने मान हलवली. "सही केली म्हंजे केली."

हेच वाक्य नेत्राने माणिकपूरच्या त्या खुर्चीतून किती जणांना ऐकवलं होतं! रडत आलेल्यांना, हात जोडत आलेल्यांना, 'तेव्हा नीट कळलं नव्हतं हो' म्हणणाऱ्यांना. सही केली म्हणजे केली, त्याला आता इलाज नाही. दुसरं कोणी असतं तर नेत्राने हट्ट धरला असता, हातापाया पडली असती. पण जो स्वभाव लुईझाला पायरीवर थांबवून ठेवत होता, तोच तिला आता घेऊन चालला होता. त्याच्याशी काय भांडायचं?

राहिलेल्या दिवसांत लुईझा रोज संध्याकाळी आली. पुढच्या दाराने, सरळ आत. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर जराशी थबकली, मग हसली. दोघींनी मिळून आंबाडा घालून सुकट केली, कुशलच्या लहानपणाचे फोटो बघितले, लुईझाच्या हॉस्पिटलातल्या मॅट्रनच्या नकला केल्या. लुईझाने पाचूबंदरच्या सणाच्या गोष्टी सांगितल्या आणि नेत्राने आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगितलं, जे तिने कुशललाही धड सांगितलं नव्हतं. बोलता बोलता नेत्राच्या मनात मध्येच यायचं की हे सगळं वर्षभर मिळालं असतं. मग ती काहीतरी निमित्त काढून आत जायची, तोंड धुऊन यायची.

जायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. सामान ते काय, पेटी, खाट, एक कपाट, आणि मदर मेरीची तसबीर लुईझाच्या मांडीवर. ती पुढच्या सीटवर चढून बसली. नेत्रा दरवाजा धरून उभी. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघाला तो धंद्यातलाच प्रश्न. "मावशी, तिकडे भेटायला आलेलं चालतं ना? काही अट वगैरे?"

"मी सगळं वाचलंय," लुईझा म्हणाली. "येऊ नको असं कुठंच लिवलेलं नाय." मग तिने नेत्राच्या हातावर हात ठेवला. "पन बोलवायला कोनी येनार नाय, बाय. आपली आपन ये."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. नेत्रा घराला वळसा घालून मागच्या खोलीपाशी गेली. दार उघडंच होतं. जाताजाता लुईझाने खोली झाडून फरशी पुसून ठेवली होती आणि फरशी अजून ओली होती. आपल्या पावलांनी ती मळू नये म्हणून नेत्रा फरशी वाळेपर्यंत बाहेरच उभी राहिली.